लीलाची झोप

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

शाहूपुरी तिसरी गल्ली, कोल्हापूर
१४ सप्टेंबर १९९६

ती. अण्णा व सौ. वहिनींस,
शिवलीलाचा शि. सा. न. वि. वि.

घरभरणीला आले नाही म्हणून तुम्ही दोघंही रागावला असाल. रागावण्यासारखंच आहे. मलकापूरच्या घरावर दोन खोल्या चढल्या आणि बहीणच हजर नाही, म्हटल्यावर लोकांनी विचारलं असणार आणि तुम्हाला उत्तरं द्यावी लागली असणार. पण आदल्या दिवशी अचानक पाहुणे आले. शिवांजलीची चाचणी परीक्षाही चालू होती. दहावीचं वर्ष, पोरगी मोकळेपणानं जेवतसुद्धा नाही. शिवाय आमच्या सासूबाईंचं तुम्हाला ठाऊकच आहे. अत्ती आता कधीकधी माणसंही ओळखेनाशा झाल्यात, त्यामुळे त्यांना टाकून रात्रीचं बाहेर राहता येत नाही.

ह्यांचं दुकान बरं चाललंय. पाणी उपसायच्या मोटारींचे सुटे भाग आता खेड्यापाड्यांतून मागायला लागलेत. सकाळी आठला जातात, रात्री नवाला येतात. जेवून वरच्या खोलीत झोपतात. माणूस दिवसभर उभा असतो, बोलायचं तरी काय त्यांना.

दिवाळीला नक्की येईन. वहिनींना सांगा, खोल्यांचा रंग मीच निवडला होता हे विसरू नका. रुसवा धरा, पण पातळ धरा.

तुमची,
लीला


मलकापूर, ता. शाहूवाडी
२० सप्टेंबर १९९६

चि. सौ. लीलास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मजकूर नंतर वाचला, आधी अक्षर वाचलं. सव्वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासतोय. कुणी अभ्यास करून लिहिलंय, कुणी तापात लिहिलंय, ते मला ओळीवरून कळतं. तालुक्यात अक्षराचं बक्षीस घेतलेली मुलगी तू. तुझ्या ओळी खाली घसरत गेल्यात, आणि दुसऱ्या परिच्छेदात तर एक ओळ दुसरीवर चढलीय. हे एका डोळ्यानं लिहिलंयस की अंधारात?

दुसरी गोष्ट. पाहुणे कोण आले ते लिहिलं नाहीस. तुझ्या घरी पाहुणे यावेत आणि तू त्यांच्या चालण्याबोलण्याची नक्कल पत्रात उतरवू नयेस, हे मला पटत नाही. सबब पाहुणे आलेच नव्हते, असं मी धरून चालतो. तुझी वहिनी म्हणते की तुम्ही बहिणीची उलटतपासणी घेऊ नका. पण मला दुसरं काही येत नाही, मास्तर आहे.

खरं काय ते लिही. रागावायला मी मोकळा आहे, पण कशावर रागवायचं ते तरी कळू दे. वहिनीनं लाडवांचा डबा तुझ्या नावानं वर ठेवलाय, मुंग्यांच्या आधी ये.

माया आहे तशीच आहे, तू हात आखडू नकोस.

तुझा,
वीरभद्र


कोल्हापूर
२ ऑक्टोबर १९९६

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पाहुणे आले नव्हते. तुम्ही पकडलंत.

मला अर्धशिशी आहे. गेली तीन वर्षं. आधी महिन्यातून एकदा यायची, आता आठवड्यातून दोनदा, तीनदा. सुरुवातीला डोळ्यांपुढं एक नागमोडी रेघ झगमगायला लागते, जसं पत्र्यावर ऊन पडावं. मग समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा दिसेनासा होतो. अर्ध्या तासानं उजव्या डोळ्यामागं ठोके सुरू होतात. उजेड सोसत नाही, फोडणीचा वास सोसत नाही, उलट्या होतात. घरभरणीच्या दिवशी मी साडी नेसून एसटीला निघाले होते. पायरीवरच रेघ दिसली. परत फिरले. मागचं पत्रही तसंच लिहिलं, एक डोळा हातानं झाकून.

इतके दिवस मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणायची आणि गिळायची, हेच चाललं होतं. गेल्या आठवड्यात शिवांजलीनं हट्टानं राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोकं तपासलं, आणि विचारलं काय, तर झोपता किती, उठता कधी, मध्ये किती वेळा जाग येते. मला हसूच आलं. मी सांगितलं की, बाई, अत्ती दिवसभर डुलक्या काढतात आणि रात्री उठून दाराची कडी हलवतात. त्यांना संकेश्वरला जायचं असतं, माहेरी. कानडीत दार उघड म्हणतात. दोनदा उठतील, कधी चारदा. त्या निजल्या की मी निजते. कधी तीन तास, कधी पाच. रविवारी दुपारी मिळाली तर तीन तास पाठ टेकते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या की ज्यांना हा आजार असतो त्यांचं डोकं फार शिस्तीचं असतं, त्याला वेळ चुकलेली खपत नाही. कमी झोप खपत नाही, तशी एकदम जास्तही खपत नाही. रोज एकाच वेळी निजा, एकाच वेळी उठा, रविवारीसुद्धा. चारनंतर चहा नको, दुपारी लांब झोप नको, जेवण चुकवू नका. आणि गोळ्या आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नकोत, कारण फार घेतल्या की गोळ्याच डोकं दुखवतात. प्रत्येक दुखण्याची तारीख लिहून ठेवायला सांगितलीय.

अण्णा, सांगणं सोपं आहे. मी रोज दहाला निजले, तर कडी कोण धरणार? बाईंना मी हो म्हणाले आणि आले. ह्यांना काही सांगितलं नाही. काळजी करू नका, बायकांची डोकी दुखतातच.

आठवण ठेवा, चिंता ठेवू नका.

तुमची,
लीला


मलकापूर
७ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. लीलास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. कडी कोण धरणार, हा प्रश्न तू मला विचारलास. तो सोमेशरावांना विचारला आहेस का? ते घरात असतात, मी पन्नास किलोमीटरवर आहे.

त्या डॉक्टरीणबाई शहाण्या आहेत. त्यांचं ऐक. बायकांची डोकी दुखतातच, हे वाक्य पुन्हा मला लिहू नकोस. का, ते आज सांगत नाही.

वहिनीनं विचारलंय की दिवाळीला अत्तींना घेऊनच इकडे आलीस तर? आम्ही दोघं आहोत, एक रात्र आम्ही जागू.

मनापासून आशीर्वाद.

तुझा,
वीरभद्र


कोल्हापूर
२३ नोव्हेंबर १९९६

ती. मामांस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी शाळेतून टाकतेय. आईला कळता कामा नये. दिवाळीला आम्ही आलो नाही, नंतर तिनं तुम्हाला फक्त एक कार्ड पाठवलं आणि सगळं ठीक आहे असं लिहिलं, ते मीच पेटीत टाकलं होतं. ठीक काही नाही.

मंगळवारी आजी हरवली. सोमवारी रात्री आजीनं आईला पाच वेळा उठवलं होतं, आणि मंगळवारी दुपारी आईला तिची ती रेघ दिसली. आईनं दोन गोळ्या घेतल्या आणि खोलीत डोक्यावर उशी घेऊन पडली. बायडाबाई भांडी घासून गेल्या त्यांनी दार नुसतं लोटलं. मी क्लासला. चार वाजता आई उठली तेव्हा आजी नव्हती.

आई तशीच अनवाणी गल्ल्यांतून पळत होती, मामा. मध्ये दोनदा रस्त्यात ओकली. लोकांना वाटलं, हिलाच काहीतरी झालंय. शेवटी एसटी स्टँडवरून एक कंडक्टर आजीला घेऊन दुकानात आले. आजी संकेश्वरच्या गाडीत जाऊन बसली होती. तिकीट काढा म्हटल्यावर तिनं हातातली बांगडी काढून दिली म्हणे. तिला एवढं सांगता आलं की मुलाचं मोटारींचं दुकान आहे. पायाला काच लागून रक्त येत होतं. पाच टाके पडले.

पप्पा घरी आले. शेजारची दहाबारा माणसं दारात होती. सगळ्यांसमोर पप्पा आईला म्हणाले, हिचं डोकं एक दिवस माझ्या आईला खाणार. आई आत जाऊन आजीचे पाय धुवायला बसली.

तेव्हापासून आई झोपतच नाही. आजीच्या दाराला पाठ लावून बसते. गोळ्या रोज घेते, मी पट्ट्या मोजल्या तर तिनं त्या लपवून ठेवल्या. डॉक्टरांनी सांगितलेली तारखांची वही बंद केलीय. म्हणते, रोजच लिहायचं तर वही कशाला. काल तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं आणि मला विचारलं, आज वार कोणता.

तुम्ही मोठे आहात. काहीतरी करा. माझं नाव सांगू नका. मामींना नमस्कार, आणि मला अभ्यास होत नाहीय हेसुद्धा कुणाला सांगू नका.

तुमची भाची,
शिवांजली


मलकापूर
२८ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. लीलास,
अ. उ. आ.

मंगळवारची हकीकत मला कळली. कुणाकडून ते विचारू नकोस, कोल्हापूर-मलकापूर रस्त्यावर ओळखीची माणसं पुष्कळ आहेत.

मागे मी लिहिलं होतं की एक गोष्ट आज सांगत नाही. आज सांगतो. तुझ्या वहिनीलासुद्धा ती माहीत नव्हती, काल रात्री जेवताना सांगितली.

तुला अव्वाचं डोकं दुखायचं ते आठवतं का? तू लहान होतीस. धान्याच्या खोलीत पोत्यांमागं ती डोकं बांधून पडायची. आप्पा म्हणायचे, रत्नव्वाचं सोंग उठलं. आपण हसायचो. ती झोपायची कधी, हे आता मी आठवून बघतो. आप्पांची जेवणं झाल्यावर अकराला ती जेवायची आणि साडेतीनला म्हशीखाली असायची. हा आजार आईकडून मुलीकडे येतो म्हणे, तसा अव्वाकडून तुझ्याकडे आला. मी परवा इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून आलो.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी आप्पांनी जेवण घातलं. हेडमास्तर, पंच, चाळीस पानं. सकाळी अव्वा पोत्यांमागं पडलेली. मी दारात उभा राहिलो आणि चारचौघींना ऐकू जाईल असं म्हणालो की, घरात कुणाचं चांगलं झालं की हिचं डोकं उठतंच. चुलीपाशी बसलेल्या बायका हसल्या. मला वाटलं, काय झकास बोललो मी!

अव्वा उठली. तोंड धुतलं. चाळीस माणसांच्या पोळ्या तिनं एकटीनं लाटल्या. मध्ये मध्ये परसात जायची, ओकून यायची, हात धुऊन पुन्हा पोळपाटाशी बसायची. मला पहिलं पान तिनं वाढलं. मी पोटभर जेवलो, लीला.

त्यानंतर ती दिवसाउजेडी आडवी पडलेली मी कधी पाहिली नाही. एकवीस वर्षं. मला वाटायचं, वयानं थांबलं असेल दुखणं. ती वारली तेव्हा उशीखाली सुंठ उगाळायची सहाण सापडली, झिजून पातळ झालेली. लेप सुकला की पुसून कामाला लागत असणार. मी शेजारच्या खोलीत पोरांना व्याकरण शिकवत होतो.

तिची माफी मागायची राहिली. ती आता मागता येत नाही. तू हे उभ्यानं सोसू नकोस. दारात त्या दिवशी तुला जे ऐकावं लागलं, तसंच मी एकदा बोललो आहे, म्हणून बोलणाऱ्याचं मला कळतं. तो वाईट असेलच असं नाही. त्याला दिसत नसतं. दाखवावं लागतं.

सोमेशरावांना मी वेगळं पत्र घालतो आहे. तू अडवू नकोस. गोळ्या कुठं ठेवल्या आहेस त्या शिवांजलीच्या हातात दे.

तुझा अपराधी भाऊ, आणि तरी आशीर्वाद देणारा,
वीरभद्र


मलकापूर
२८ नोव्हेंबर १९९६

रा. रा. सोमेशराव यांसी,
सा. न. वि. वि.

तुमच्या आईंचा पाय कसा आहे? त्या सापडल्या, देवाची कृपा.

उपदेश करायला हे पत्र नाही. बायकोच्या भावानं उपदेश करू नये, एवढं मला समजतं. एकच विनंती आहे. सात रात्री आईंच्या खोलीत तुम्ही झोपा, आणि लीलाला वरच्या खोलीत पाठवा. तिला दहाला निजू द्या आणि सहाला उठू द्या. तिला डॉक्टरांनी औषध म्हणून झोप सांगितली आहे, ती गोष्ट तिनं तुमच्यापासून लपवली. आठव्या दिवशी तुम्ही जे सांगाल ते मी मान खाली घालून ऐकेन.

सात रात्री जमणार नसतील तर तसं कळवा. मी शाळेत रजा टाकतो आणि अंथरूण घेऊन येतो. गल्लीत लोक काय म्हणतील ते म्हणोत. मला लोकांची भीती होती ते वय गेलं.

राग आला तरी स्नेह तुटू नये, ही इच्छा.

आपला,
वीरभद्र


शाहूपुरी, कोल्हापूर
११ जानेवारी १९९७

ती. अण्णांस,
सोमेशचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय न्हाय. बिल सोडून काय लिहिलं न्हाय वीस वर्षांत. चुकलं-माकलं तुम्ही मास्तर हाय, सुधारून घ्या.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला लई राग आला. लीलाला म्हणालो, तुझा भाऊ अंथरूण घेऊन येणार म्हणे माझ्या घरात. तर म्हटलं बघूच, सात रात्री म्हणजे काय डोंगर उचलायचा हाय का. तिला वर धाडलं ते रागानंच धाडलं. खोटं कशाला बोलू.

पहिल्या रात्री आई चार वेळा उठली. मी दरडावलं, तर पोरासारखी कोपऱ्यात जाऊन बसली आणि रडायला लागली. मला कानडी धड येत न्हाय. बाप आमचा मराठी शाळेत घालून मोकळा झाला. दार उघड एवढं समजायचं, पुढचं काय समजायचं न्हाय. दुसऱ्या रात्री तसंच. तिसऱ्या दिवशी दुकानात मी कोडोलीच्या गिऱ्हाइकाला भलतंच बेअरिंग दिलं. ते पावणं परत आलं आणि म्हणालं, शेठ, प्यालाय काय? माझं कपाळ ठणकत हुतं. तीन रात्रींत. तीन वर्षांचं गणित मी तिथं दुकानात उभ्यानं केलं.

चौथ्या रात्री आई उठली आणि मी काय बोललोच न्हाय. ती चपला हुडकायला लागली. मी घातल्या तिच्या पायात. मग तिनं माझा हात धरला आणि चालायला लागली. माजघरातनं सैपाकघरात, तिथनं पुढच्या खोलीत, परत मागं. प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबायची आणि माझ्याकडं बघायची, कायतरी म्हणायची वाट बघितल्यासारखी. मला कळंना. शिवांजली पुस्तक घेऊन बसली हुती, तिला विचारलं. ती म्हणाली, पप्पा, आई प्रत्येक उंबऱ्यावर गावाचं नाव सांगते. पहिला उंबरा कागल. दुसरा निपाणी. तिसरा आला की संकेश्वर आलं म्हणायचं, तुझं घर आलं म्हणायचं, कानडीत. मग आजी निजते.

अण्णा, माझी बायको तीन वर्षं माझ्या आईला रोज रात्री संकेश्वरला पोचवत हुती. त्यासाठी शेजारच्या धोंडुबाईंकडनं कानडी शिकली. मी वर घोरत हुतो. आणि चारचौघांत दारात उभं राहून मी तिला काय बोललो, ते तुम्हाला कळलंच असणार.

सात रात्री झाल्या. मग आणखी सात. आता दीड महिना हुईल. आठव्या दिवशी कळवायचं हुतं ते आज कळवतोय, कारण काय लिहायचं ते सुचत न्हवतं. तुम्ही अंथरूण आणू नका. नुसतं या, जेवायला.

वहिनींस नमस्कार. मनात काय ठेवू नका, ठेवलं असंल तर येऊन तोंडावर बोला.

तुमचा,
सोमेश


कोल्हापूर
१६ मार्च १९९७

ती. अण्णा व सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

शिवांजलीचा आज इतिहासाचा अभ्यास संपला, उद्या भूगोल. परीक्षा बरी चाललीय. तुम्ही ह्यांना काय लिहिलंत ते मला अजून कुणी दाखवलं नाही. दाखवू नका.

तुम्हाला वाटेल की वर झोपायला मिळालं आणि दुखणं पळालं. तसं झालं नाही. गोळ्या बंद केल्या तेव्हा पहिले दहा दिवस डोकं असं उठलं की मी भिंतीवर आपटायची तेवढी राहिले. डॉक्टरीणबाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून तग धरला. शिवांजलीनं गोळ्यांच्या पट्ट्या दप्तरात घालून शाळेत नेल्या. मी एकदा तिच्या पाया पडायला निघाले होते एका गोळीसाठी. हे कुणाला सांगू नका.

आणि झोपसुद्धा लगेच येईना. दहाला आडवी व्हायची, पण कान खालच्या कडीवर. कडी वाजली की पाय आपोआप जमिनीवर. हे खालून ओरडायचे की मी हाय, तू नीज. बाई म्हणाल्या, तळमळत पडू नका, उठा, मंद दिव्याशी कंटाळवाणं काहीतरी करा, डोळे जड झाले की परत जा. मी तांदूळ निवडत बसायची. डिसेंबरात घरातला एक खडा शिल्लक राहिला नाही. पण रोज सहाला उठले. रविवारीही. झोप झालेली असो वा नसो. महिना-दीड महिन्यानं एके दिवशी दहाला आडवी झाले आणि डोळे उघडले ते सहाला. मधलं काही आठवेना. मी घाबरून खाली पळाले, अत्तींना काही झालं की काय! त्या चहा पीत बसल्या होत्या.

अत्तींनाही आता दिवसा फार निजू देत नाही. सकाळी शिवांजली गच्चीवर उन्हात फिरवते, संध्याकाळी मी शेंगा फोडायला देते. रात्री एकदाच उठतात, कधी उठतही नाहीत. आठवड्यातले तीन दिवस बायडाबाई येऊन झोपतात, म्हणजे ह्यांनाही झोप मिळते. जानेवारीत ह्यांना पहाऱ्यावरच डुलकी लागली आणि अत्तींनी पिठाचा डबा पालथा घातला. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. भांडण तरी झालं, आधी बोलणंच नव्हतं.

धाकट्या वन्सं आल्या होत्या. सून वर ताणून देते आणि मुलगा आईचं मुतपाणी काढतो, असं त्या स्वयंपाकघरात म्हणाल्या. मी भाकरी थापत राहिले. हे मात्र बाहेरून म्हणाले की आई तुझीबी हाय, पुढच्या आठवड्यात चार रात्री तू ये. त्या दुपारच्याच गाडीनं गेल्या.

वही पुन्हा लिहिते. ऑक्टोबरात अकरा दिवस डोकं उठलं होतं, फेब्रुवारीत चार. बाई म्हणतात, पूर्ण जाणार नाही, हा आजार तसा जात नाही. यायचं तेव्हा येतं. आलं की एक गोळी घेऊन अंधारात पडते, आणि कुणी काही म्हणत नाही. मला तेवढंही पुष्कळ आहे.

मागच्या पत्रात अव्वाचं तुम्ही लिहिलंत त्याला मी उत्तर दिलं नाही. मीही हसत होते, अण्णा. मी सहा वर्षांची होते, पण हसत होते. ते ओझं एकट्याचं समजू नका.

तुमच्या सावलीत ठेवा.

तुमची,
लीला


कोल्हापूर
३० नोव्हेंबर १९९७

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं मातीला येऊन गेलात, पण त्या गर्दीत काही बोलता आलं नाही. काल अकराव्या दिवसाचं सगळं नीट पार पडलं. जंगम स्वामी जेवून गेले. घरात आता आम्ही तिघंच, आणि घर फार मोठं वाटतंय. म्हणून लिहायला बसले.

अत्ती पहाटे लिंगैक्य झाल्या, ते तुम्हाला माहीत आहे. मी नेहमीच्या वेळेला सहाला उठून खाली आले. हे त्यांचा हात हातात घेऊन बसले होते. हात गार होता. मी विचारलं, कधी? तर म्हणाले, साडेचार.

दीड तास, अण्णा. दीड तास हे एकटे बसून राहिले आणि मला हाक मारली नाही. तुम्ही आलात तेव्हा मी ह्यांच्याशी बोलत नव्हते, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. दुःख होतंच, पण त्याहून राग होता. चार वर्षं मी त्यांचं केलं. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला मी नव्हते, मी वर झोपले होते. वन्सं दोन दिवस सगळ्यांना तेच सांगत होत्या, आणि या वेळी त्यांचं खोटं नव्हतं. मला वाटलं, हीच ती झोप, जिच्यासाठी एवढा आटापिटा केला. मी ह्यांना नाही नाही ते बोलले. एरवी एकाला चार देणारा माणूस, पण खाली मान घालून ऐकत राहिला.

तिसऱ्या दिवशी मातीवर दूध घालून आलो, तेव्हा दारातच हे थांबले आणि म्हणाले की तुला एक सांगायचंय, आधी सांगितलं असतं तर मला रडू आवरलं नसतं आणि माणसं जमलेली होती.

त्या पहाटे अत्तींना जाग आली. उठल्या नाहीत, चपला मागितल्या नाहीत. ह्यांच्याकडे बघितलं आणि सोमा म्हणाल्या. वर्षभरात ह्यांना त्यांनी नावानं हाक मारली नव्हती. पाणी मागितलं. घोटभर प्यायल्या. मग मराठीत, अगदी स्वच्छ, विचारलं की लीला कुठं हाय. हे म्हणाले वर हाय, बोलावतो, आणि उठायला लागले. तर अत्तींनी ह्यांचं मनगट धरलं. एवढी ताकद कुठून आली कुणास ठाऊक, असं हे म्हणाले. आणि म्हणाल्या, नको उठवू. निजू दे तिला. लई जागलीय ती माझ्यासाठी.

त्यानंतर पाच मिनिटांत त्या गेल्या. ह्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही. त्या गेल्यावरही, सहा वाजेपर्यंत, त्यांनी सांगितलं होतं म्हणून मला उठवलं नाही.

मी तिथंच पायरीवर बसले. मला वाटायचं की त्यांना मी कोण तेच कळत नव्हतं. कधी मला बहीण म्हणायच्या, कधी मोलकरीण. कधी भाकरी तोंडावर फेकायच्या. आणि आत कुठंतरी त्यांना सगळं कळत होतं, मी किती वेळा उठले तेसुद्धा.

त्या दिवशी डोकं उठणार असं मी धरूनच चालले होते. रडणं, उपास, माणसांची गर्दी, चुलीचा धूर, सगळंच होतं. उठलंही, संध्याकाळी. गोळी घेतली, अंधारात पडले, उतरलं. मग जेवले. ह्यांनी समोर बसून चार घास खायला लावले. दहा वाजता मी वर गेले. झोप लागेल असं वाटलं नव्हतं. लागली.

वहिनींस नमस्कार. आता मला रात्रीचं बाहेर राहता येईल, तुमच्या नव्या खोल्या अजून पाहिल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात येते.

तुमचीच,
लीला